बंगला विकला आणि बोट घेतली म्हणे!

ऐकलंत का? चांगली शिकली-सवरलेली, केस पिकलेली माणसं हल्ली राहतं घर विकतात, गाडी विकतात, सोफा-कपाटं वाटून टाकतात आणि चाळीस फुटी बोट घेऊन समुद्रावर राहायला जातात. फिरायला नव्हे हो, राहायला! आज या बेटावर नांगर टाकायचा, तिथली जत्रा असेल तर नाचायचं, खायचं, प्यायचं, आणि जत्रा पांगली की पुढच्या बेटावरच्या जत्रेला हजर. मुलांच्या शाळेचं काय? बोटीवरच. पत्ता काय? नांगर टाकू तो. एके काळी समुद्र ओलांडला म्हणून माणसाला वाळीत टाकायचे. आता समुद्रावरून घरी न येणाऱ्यांचे व्हिडिओ लोक जेवताना लावून बसतात.

या सगळ्याचं मूळ त्या यूट्यूबात. ‘ला व्हॅगाबाँड’ नावाच्या बोटीवरचं एक ऑस्ट्रेलियन जोडपं आहे. त्यांचं बघून किती जणांनी राजीनामे खरडले असतील, देव जाणे. विमानात न बसणारी ग्रेटा थुनबर्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतून युरोपात परतली ती यांच्याच बोटीतून, व्हर्जिनियाहून लिस्बनला. हिवाळ्याच्या तोंडावर अटलांटिक, आणि बोटीवर यांचं तान्हं मूल! आमच्याकडे बाळाला घेऊन कर्जतला जायचं तरी तीन पिशव्या भराव्या लागतात.

बरं, एकटदुकट जाणारे वेडे असतात म्हणावं, तर ही मंडळी वारीसारखी जमावाने निघतात. १९८६ पासून दर वर्षी नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून बोटींचा तांडा सुटतो. हल्ली तो मुक्कामाला जातो कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला. मधे सत्तावीसशे सागरी मैल नुसतं पाणी, दोन-तीन आठवडे जमीन दिसायची नाही. आणि पलीकडे पोहोचल्यावर पहिलं काय करतात? हातात रमचा पेला घेतात!

परक्यांचं सोडा, हे खूळ आमच्या घरात शिरलंय. माझा न्यू जर्सीचा मावसभाऊ, आमचा दादा, आणि वहिनी. दोघंही आयुष्यभर वेळेवर कर भरणारी, वेळेवर झोपणारी माणसं. एका मित्राने बोट घेतली आणि ‘या ना कॅरिबियनला चार दिवस’ म्हणाला. ईस्टरला गेले ते गेले, ऑगस्टात पुन्हा गेले. मावशीचा जीव टांगणीला. “अगं, वेस्ट इंडीज म्हणजे आपल्या गावसकरचंच ना?” मला विचारत होती. तेच ते. १९७१ साली कोवळ्या गावसकरने पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि लॉर्ड रिलेटर नावाच्या त्रिनिदादच्या गायकाने त्याच्यावर कॅलिप्सो रचला. आपल्याला धुणाऱ्या पाहुण्यावर गाणं करणारी माणसं ती! तिथे गेलेला माणूस सरळ कसा परत येईल?

आता हे खूळ नेमकं कुठे फोफावलंय ते सांगते. ग्रेनाडा आणि सेंट व्हिन्सेंट यांच्यामध्ये ग्रेनाडीन्स नावाची बेटांची माळ आहे. एका बेटावरून पुढचं बेट दिसतं. बेटं दक्षिणोत्तर आणि वारा कायम पूर्वेकडून, म्हणजे जाताना वारा कुशीवर आणि येतानाही कुशीवर. सकाळी निघावं, दुपारी जेवायला पुढच्या बेटावर. नवशिक्यालाही आपण कोलंबस झालो असं वाटावं अशी निसर्गाचीच फूस.

आता यात मुक्त जीवन किती, ते ऐका. ही माळ दोन देशांत वाटलेली. कॅरियाकू आणि पेटीट मार्टिनिक ग्रेनाडाची, त्यांच्या वरची सेंट व्हिन्सेंटची. पेटीट मार्टिनिकवरून समोरचं पेटीट सेंट व्हिन्सेंट अगदी नाकासमोर दिसतं, पण तो परदेश! एका देशातून कागदोपत्री बाहेर पडायचं, बोटीवर पिवळा झेंडा चढवायचा, पलीकडच्या बेटावर कस्टमवाल्यापुढे आणि इमिग्रेशनवाल्यापुढे उभं राहायचं, शिक्के मिळवायचे, पिवळा झेंडा उतरवून यजमान देशाचा झेंडा लावायचा. एवढं झालं की मग मुक्त जीवन पुन्हा सुरू. ऑफिसच्या मीटिंगांना कंटाळून पळालेला आमचा दादा तिथे फायली छातीशी धरून साहेबांचं जेवण आटोपायची वाट बघत बाकावर बसला होता. शिवाय कपडे धड हवेत. लष्करी ठिपक्यांची पँट घालून उतरलात तर दोन्ही देशांत तो गुन्हा. दादाने तशीच एक नवी कोरी घेतली होती, खिसे जास्त म्हणून. ती बॅगेतच राहिली.

या भागाला चहाटळपणाची परंपरा मोठी हो. मधलं मस्टीक बेट घ्या. कॉलिन टेनंट नावाच्या ब्रिटिश उमरावाने १९५८ साली पंचेचाळीस हजार पौंडांना अख्खं बेट विकत घेतलं. १९६० मध्ये राजकन्या मार्गारेटच्या लग्नात तिला त्यातला दहा एकरांचा तुकडा आहेर म्हणून दिला. आपल्याकडे आहेरात आलेले स्टीलचे डबे पुढे सरकवायची सोय असते, बेटाचा तुकडा कुणाला पुढे सरकवणार? तिथे तिने बंगला बांधला. १९७६ मध्ये त्याच बेटावर रॉडी लेवेलिन नावाच्या तरुणासोबतचे तिचे फोटो लंडनच्या पेपरांत छापून आले आणि लग्न मोडल्याचं जगजाहीर झालं. आता बोटवाले तिथे पैसे मोजून बोट बांधतात, किनाऱ्यावरच्या बेसिल्स बारमध्ये एक पेला दोन तास पुरवतात आणि दारातून कोण आत येतंय ते बघत बसतात. म्हणजे आपण कट्ट्यावर बसून करतो तेच, फक्त महागात.

आणि या बोटींवरचे संसार? ते तर विचारूच नका. नांगर टाकायची वेळ आली की नवरा नाकाडावर, बायको सुकाणूवर. मधे चाळीस फुटांचं अंतर, इंजिनाची घरघर आणि वारा. हा हातवारे करतो ‘मागे घे’, तिला वाटतं ‘पुढे’. हा ओरडतो, ती त्याहून मोठ्याने ओरडते, बोट तिसरीकडेच जाते. संध्याकाळची वेळ असते, आधी आलेले सगळे आपापल्या बोटीवर पेला घेऊन हाच खेळ बघायला बसलेले असतात. म्हणून आता जोडपी कानाला लावायचे हेडफोन-माइक घेतात आणि हलक्या आवाजात एकमेकांना सूचना देतात. त्या यंत्राला बोटवाले काय म्हणतात माहितीये? लग्न वाचवणारं यंत्र! वहिनीने आल्या आल्या घरच्यासाठी एक जोडी मागवली. दादाला गाडी मागे घेताना उपयोग होईल म्हणाली.

संडासाचा विषय काढू नये, पण काढते. बोटीवरचा संडास दांडा मारून मारून पंप करायचा असतो आणि त्याचा नियम एकच: आधी खाल्लेलं नसेल असं काहीही आत जाता कामा नये. कागदसुद्धा नाही. तो तुंबला तर प्लंबर येत नाही, यजमान हातमोजे घालतो आणि पाहुणे समुद्राची शोभा बघायला बाहेर जातात. अंघोळ समुद्रात, मग गोड्या पाण्याचे दोन तांबे. नळ उघडा ठेवून दात घासणारी वहिनी आता कुणी भांड्यांवर धोधो पाणी सोडलं की डोळे वटारते. सासूने वीस वर्षं सांगून जे झालं नाही ते एका बोटीने केलं.

इतकं सोसून ही माणसं तिथे टिकतात ती उत्सवांसाठी. यांच्या भिंतीवर कालनिर्णय नसतं, पण पंचांग यांचं आपल्याहून कडक. ईस्टरला बेक्वे बेटावरची होड्यांची शर्यत. तिथल्या दोन्ही टोकांना निमुळत्या होड्या देवमाशाच्या शिकारीच्या होड्यांच्या घराण्यातल्या. हो, शिकार! देवमाशांच्या शिकारीवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने या बेटाला वर्षाला सरासरी चार देवमासे मारायची मुभा दिलीय, आणि हे ऐकून दादाच्या ताटातला साधा बांगडासुद्धा त्याला संशयास्पद वाटायला लागला. पोरांची शर्यत वेगळी. नारळाच्या सोडणाला शीड लावून पाण्यात सोडायचं आणि त्याच्यामागे पोहत सुटायचं. हात लावला की भांडण. २९ जूनला ग्रेनाडाच्या ग्वाव गावात कोळ्यांचा वाढदिवस. पाद्री येऊन होड्यांना आणि जाळ्यांना आशीर्वाद देतो, होड्यांची शर्यत लागते आणि रात्रभर रस्त्यावर मासे भाजतात. म्हणजे आपली नारळी पौर्णिमाच की! वरळीची नारळी पौर्णिमा बघायला दादा आजवर कधी टॅक्सीनेही गेला नाही, तो भाग वेगळा.

ऑगस्टात तर कहर. पहिल्या शनिवार-रविवारला जोडून कॅरियाकूची शर्यत, १९६५ पासूनची. मग दुसऱ्या सोमवार-मंगळवारी ग्रेनाडाचं कार्निव्हल. एवढ्या बोटी एकाच वेळी इथेच कशा, असं मी दादाला विचारलं तर तो म्हणाला, “संस्कृतीची ओढ.” कसली ओढ घेऊन बसलायस! जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचे महिने. त्या काळात बोट अमुक अक्षांशाच्या खाली नेऊन ठेवली नाही तर बऱ्याच विमा कंपन्या नुकसानभरपाई देत नाहीत. म्हणून सगळे झुंडीने ग्रेनाडाला नाहीतर त्रिनिदादला येऊन बसतात, आणि नेमकं तेव्हाच ग्रेनाडात कार्निव्हल असतं. यांना उत्सवाला धाडतो तो विमा एजंट!

तिथे खाडीत शेजारी शेजारी नांगर टाकून यांची वसाहत होते. रोज सकाळी व्हीएचएफ रेडिओवर सभा भरते. आधी हवामान, मग बाजारात जाणारी बस किती वाजता, योगासनं कुठे, डॉमिनोजचा डाव कुणाच्या बोटीवर, कुणाकडे जुना पंप विकायला आहे. म्हणजे सोसायटी सोडून पळाले आणि पाण्यावर सोसायटी काढली! सेक्रेटरी तेवढा निवडायचा राहिलाय.

आता खाण्यापिण्याचं. ग्रेनाडाच्या झेंड्यावर चक्क जायफळ आहे. राष्ट्रीय पक्वान्न ‘ऑइल डाउन’. दादाने फोटो पाठवला तेव्हा मावशीने चष्मा लावून नीट पाहिला. नीरफणसाच्या फोडी, अळूची पानं, हळद, नारळाचं दूध, खारवलेलं मांस, कणकेचे लांबट गोळे, सगळं एका मोठ्या पातेल्यात थरावर थर रचायचं आणि दूध आटून तळाला तेल सुटेपर्यंत शिजवायचं. “मांस काढलं तर हे रत्नागिरीचंच आहे,” मावशी म्हणाली, “त्यासाठी एवढं लांब कशाला?” नीरफणस तिथे पोहोचवला कॅप्टन ब्लायने. पहिल्या खेपेला ‘बाउंटी’वर खलाशांनी बंड करून त्यालाच होडीत टाकून दिलं, पण गडी परत गेला आणि १७९३ मध्ये ताहितीहून रोपं आणून सेंट व्हिन्सेंटला उतरवली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, तेव्हा आपल्याकडची माणसं बोटीत भरली. १ मे १८५७ ला ‘मेडस्टोन’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, ग्रेनाडात उतरले. त्यांनी काळं पाणी ओलांडलं म्हणून जात गेली असं इकडे ठरवलं गेलं, आणि आज त्यांची रोटी, रस्सा भरून गुंडाळलेली, त्या बेटांवर टपरीटपरीवर मिळते. दादा ती खाताना व्हिडिओ काढतो आणि खाली लिहितो, ‘अस्सल कॅरिबियन’. अरे, पणजीला विचार!

आणि रम! ग्रेनाडात १७८५ पासूनची एक भट्टी आहे, अजून पाणचक्कीवर ऊस पिळते. तिची खरी रम इतकी जालीम की विमानात न्यायला मनाई. म्हणून पाहुण्यांसाठी ६९ टक्क्यांची ‘सौम्य’ बाटली वेगळी काढतात. सौम्य! कॅरियाकूच्या जॅक आयर्न रमची तर ख्याती अशी की तिच्यात बर्फ टाकला तर तरंगत नाही, बुडतो. दादाला पटेना. इंजिनिअर ना! त्याने भर बारमध्ये आधी पाण्यात, मग रममध्ये खडा टाकून पाहिला आणि घनतेवर व्याख्यान दिलं. व्याख्यान संपेपर्यंत पेलाही संपला होता. पुढचं वहिनी सांगत नाही.

आता मुख्य प्रकरण. कार्निव्हलच्या सोमवारी पहाटे, उजाडायच्या आत, ग्रेनाडाच्या रस्त्यांवर जॅब जॅब निघतात. वहिनी पांढरा लिननचा ड्रेस घालून फोन हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. अंधारात आधी शंख ऐकू आले. मग डांबरावरून साखळदंड ओढल्याचा खणखणाट. मग माणसं दिसली. अंगभर काळं, जुनं इंजिन ऑइल, काकवी नाहीतर कोळशाची भुकटी चोपडलेली. डोक्यावर शिंगांची टोपी. कुणाच्या तोंडात कच्चा मासा, कुणाच्या गळ्यात साप. ढोलाच्या ठेक्यावर सगळे एका लयीत पुढे येतायत. वहिनीने फोन वर केला, तेवढ्यात त्यांतल्या एका आडव्या बाईने तिला प्रेमाने, अगदी माहेरवाशिणीला घ्यावं तसं, कवेत घेतलं. सोडलं तेव्हा लिनन संपलं होतं. गालावर पाच बोटं, फोनच्या काचेवर पाच बोटं. बाई म्हणाली ते एवढंच: पांढरं घालून इथे उभी राहिलीस म्हणजे तुला हेच हवं होतं ना?

हे ऐकून मावशीने कपाळावर हात मारला. पण जरा थांबा. हा नुसता धिंगाणा नाही. मळ्यांवरचे गोरे मालक गुलामांना सैतान म्हणायचे. मुक्ती मिळाल्यावर त्या लोकांनी काय केलं, तर सैतानच झाले. शिंगं लावली, तोडलेल्या बेड्या स्वतःच रस्त्यावरून फरफटवल्या आणि मालकाच्या दारावरून नाचत गेले. म्हणजे पांढऱ्या लिननमधल्या प्रेक्षकाची फजिती हा त्या खेळाचा जुना हेतूच आहे. आपण कडेला उभे राहून त्यांची मजा बघतोय असं पाहुण्याला वाटतं. मजा कुणाची चाललीय ते अंघोळीला साबणाच्या दोन वड्या गेल्यावर कळतं.

कॅरियाकूचे लोक तर याहून पोचलेले. तिथे कार्निव्हल ऑगस्टात नाही, ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासांपूर्वी असतं, आणि मंगळवारी पुरुष रंगीबेरंगी झगे आणि जाळीचे मुखवटे घालून चौकात समोरासमोर उभे राहतात. मग? शेक्सपियर म्हणतात! ‘ज्युलियस सीझर’मधली लांबलचक भाषणं तोंडपाठ, एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. शब्द चुकला की समोरचा चाबूक हाणतो. साहेबाने शाळेत घोकून घ्यायला लावलेलं पाठांतर, आणि चुकल्यावर खाल्लेली छडी, दोन्ही असे रस्त्यावर आणून त्याचा तमाशा करणारी जमात ही. यांच्यापुढे ‘आम्ही लोकल कल्चर एक्सप्लोर करतोय’ म्हणणाऱ्या बोटवाल्याचं काय चालणार?

आणि बोटींचा दिमाख तर बोटवाल्यांनी कॅरियाकूवाल्यांना दाखवूच नये. कॅरियाकूच्या विंडवर्ड गावात लाकडी शिडाच्या बोटी किनाऱ्यावरच बांधतात. स्कॉटिश सुतारांकडून आलेली विद्या, कागदावर नकाशा नाही, सगळं नजरेने. २०२३ मध्ये युनेस्कोनेही ती आपल्या वारशाच्या यादीत घेतली. बोट पाण्यात सोडायची म्हणजे गावजेवण. पाद्री प्रार्थना करतो, बोकड कापतात, रम शिंपडतात, मोठमोठी पातेली चुलीवर चढतात. मग बोटीच्या एका अंगाचे टेकू कुऱ्हाडीने थोडे थोडे तोडत जातात, बोट हळूहळू ओंडक्यांवर कुशी टेकते, आणि अख्खं गाव दोरीला लागतं.

१ जुलै २०२४ ला याच बेटावर बेरिल चक्रीवादळ आलं, चौथ्या श्रेणीचं. कॅरियाकूवर जवळजवळ प्रत्येक इमारतीचं काही ना काही मोडलं, शेजारच्या युनियन आयलंडचीही तीच गत. सुरक्षित म्हणून खारफुटीत शिरून बसलेल्या कितीतरी बोटी एकमेकींवर आपटून गेल्या. तेव्हा मात्र या चंगळवाद्यांपैकी पुष्कळांनी बोटींत पाणी, ताडपत्र्या, जनरेटर भरून त्या बेटांवर नेले. तेवढं त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं, आपण काही आकसाने बोलत नाही.

तेव्हा आमचा निकाल असा. ज्यांना समुद्रावर राहायचं त्यांनी खुशाल राहावं. बंगला त्यांचा, गुडघे त्यांचे, तुंबलेला संडासही त्यांचाच. फक्त परत आल्यावर ‘आम्ही सण साजरा केला’ असं कुणी म्हणालं, की त्याचे तळहात बघायचे. दोरीचे वळ नसतील तर ‘साजरा केला’ म्हणायचं नाही, ‘पाहिला’ म्हणायचं. दादाने पाहिला. वहिनीने, लिनन गेलं असलं तरी, साजरा केला म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी जुना टी-शर्ट घालून ती त्याच बाईच्या टोळीत नाचत होती, असं दादाच्या मित्राने सांगितलं. मावशीला हे अजून कळलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.